वीस अंश

बाहेर सेहेचाळीस.
एमआयडीसीतलं डांबर चप्पल धरून ठेवतं,
डाळमिलचा पिवळा भुसा उडत राहतो,
आणि कुत्री ट्रान्सफॉर्मरच्या सावलीबरोबर
इंच इंच सरकतात.

आत, नव्या खोलीत, वीस.
एकोणीस नाही, एकवीस नाही.
या खोलीपायी भारंबे शेठनी सावद्याचा प्लॉट विकला
आणि काकू पुढं दोन महिने
त्यांच्याशी भिंतीमार्फत बोलल्या.

मी मे महिन्यात स्वेटर घालून मापं घेते.
वीतभर स्टील खोलीतून उन्हात नेलं
की जवळजवळ केसाएवढं वाढतं.
ही गोष्ट आमच्या गावानं आजवर
मनावर घेतली नव्हती.
घ्यायची गरजही नव्हती.
आम्ही केळीच्या बागांचे व्हॉल्व्ह करत होतो;
गळला तर फार तर चिखल.

आता नकाशावर लिहिलंय: अणुभट्टी, जड पाणी.
लतिफ तडवी लेथवरून हसले,
"जड पानी? मंग आमच्या यावलच्या बोअरचं न्या म्हना,
साबन फेसत नाई!"

कलेक्टर कचेरीत सभा झाली होती.
पडद्यावर खानदेश हिरवा दाखवला,
त्यात बाण, बाणांच्या टोकाला रोजगार.
मागून कुणीतरी विचारलं,
याच्यानं केळी काळी पडतील का?
साहेब म्हणाले, इथं फक्त लोखंड कापायचं.
मग शाली झाल्या, नारळ झाले,
आणि प्रश्न विचारणारा समोशाच्या रांगेत दिसला.

मार्चमध्ये तपासणीला आले रामलिंगम.
काटकुळे, खिशात स्वतःचं भिंग,
डबा स्वतःचा, दहीभाताचा.
आम्ही निळ्या मखमलीवर बारा रिंगा मांडल्या होत्या.
त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
म्हणाले, बिघडलेले कुठे आहेत?

शेठ छाती काढून म्हणाले,
आमच्याकडे बिघडतच नाही.

त्यांनी फाईल मिटली.
हळू मिटली, तेच वाईट.
एसीच्या पाइपातून एक थेंब बादलीत पडला,
दुसरा पडायला फार वेळ लागला.

तेवढ्यात लतिफभाई उठले.
मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले,
ग्रीसच्या डब्यामागे हात घातला
आणि जुन्या बनियनात गुंडाळलेलं काहीतरी
आणून टेबलावर ठेवलं, मखमलीच्या बाहेर.

"हे मी बिघाडलं. दोन वर्षं झाली.
लाईट गेली, टूल टेकलेलंच राह्यलं.
शेठले सांगतलं नाई,
पगारातून कापतीन म्हनून."

शेठच्या मानेवरची शीर मी पाहिली.
रामलिंगम यांनी रिंग उचलली,
आतल्या कडेवरून नख फिरवलं,
एकदा, आणि उलट्या बाजूनं पुन्हा.
मग भिंग खिशात ठेवून
सकाळपासून पहिल्यांदाच
चहा मागितला.

त्या संध्याकाळी मी लाल पुठ्ठ्याची वही उघडली.
नोंद एक. तारीख अंदाजे. कारण: वीज.
कोणाच्या हातून, या रकान्यात
लतिफभाईंनी स्वतः नाव लिहिलं,
जमिनीच्या खरेदीखतावर करावी तशी
दाबून, सावकाश सही.
शेठ शेजारी उभे होते.
पगाराचं काही बोलले नाहीत.
माफ केलं, असंही नाही.

ऑर्डर अजून आलेली नाही.
ईमेल येतात: अजून एक कागद, अजून एक शिक्का,
स्टीलची जन्मपत्रिका,
वेल्डरच्या डोळ्यांचा दाखला.
काकू भिंत सोडून बोलू लागल्यात,
पण प्लॉटचा भाव रोज सांगतात.

वहीत अकरा नोंदी झाल्या.
सहावी माझी.
मापकाचा शून्य न तपासता
मी तीन रिंगा पास केल्या होत्या,
आणि कुणालाही कळलं नसतं.

नाव लिहिताना हात ओला झाला.
मी काट्याकडे पाहिलं.
वीसच होतं.