दाखल क्रमांक ४११७

साहेब म्हणाले, दहा वर्षांत न हललेली पुस्तकं काढा.
मी शिक्का घेऊन बसलो : रद्द, रद्द, रद्द.
इतवारीच्या मे महिन्यात शाई डबीतच सुकते,
दर चार पुस्तकांमागे पाण्याचा थेंब सोडावा लागतो.

मग हे आलं. हिरवी पाठ, एक कोपरा वाळवीचा.
आयर्लंडातल्या कुठल्याशा एका पॅरिशचा इतिहास :
चुन्याच्या भट्ट्या, नवसाच्या विहिरी, शेताशेताची नावं,
दुष्काळात कोणत्या घरची चूल आधी विझली,
आणि मोजणीदारांनी ऐकली तशी लिहिली म्हणून
अर्थ विसरलेल्या टेकड्या.
देणगी : कामठी छावणी. साल पुसट.

आतल्या चिठ्ठीवर अकरा तारखा.
अकराही एकाच कार्डावर, नंबर १३६.
शेवटची, चौऱ्याण्णव साली, पोळ्याच्या आदल्या दिवशीची.

इथं कोणाला लागत होतं हे?
कार्ड सापडलं : हेडाऊ रुखमांगद, धंदा विणकाम,
गोळीबार चौकाच्या मागे.

घरात माग नव्हता. मागाचा खड्डा होता,
सिमेंटनं भरलेला, वर कूलर.
मुलगी म्हणाली, "बाबू गेले नं जी, बारा वर्षं झाले.
डिक्शनरी मांडीवर घेऊन बसत, एका ओळीले एक रात्र.
माय म्हणे, गोऱ्याइच्या विहिरी मोजून
तुमाले काय भेटते?"
मग दिवाणाखालून ओढून काढली
ताण्याच्या सुतानं शिवलेली दोनशेपानी वही.

पहिलं पान : आमची गल्ली.
पुढं घरागणिक, माग किती, बंद केव्हा, कशापायी.
धोटा फेकताना तोंडात येणारे हलबी शब्द,
समोर मराठी अर्थ. काहींसमोर नुसतंच
"भागाबाईला विचारणे"
आणि खाली, वेगळ्या शाईत, "राहिले".
नववं पान : विहीर. बुजवली १९७१. पाणी गोड.
काठाला पेरू, फळ तुरट.

त्याच्या नकाशावरून मी पावलं मोजत आलो.
मारुतीच्या पारापासून एकशेचाळीस, मग डावीकडे.
थांबलो तर आमच्याच वाचनालयाचा
सायकल-स्टँड.

"साहेब, ४११७ हललेलं आहे."
"कधी? कोणी नेलं होतं?"
मी खिडकीतून बोट दाखवलं.
तिथं एक पोरगा, उन्हानं तापलेल्या सीटवर
रुमाल टाकून, बंद पडलेल्या स्कुटीला
किक मारत होता.