खालची कवळी

लग्नाच्या तीन आठवडे आधी, एकोणिसाव्या वर्षी,
बाबांनी मला मातानच्या डॉक्टरकडे नेलं
आणि सगळे दात काढून आणले.
धडधाकट होते त्यातले बरेचसे.
आमच्या नदीकाठाला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.
पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको,
म्हणून मुलगी बोळकी करूनच पाठवायची,
वर आहेर म्हणून दोन कवळ्या.
चर्चच्या पायरीवरच्या फोटोत
त्या माझ्यापेक्षा जास्त हसतायत.

दाखवायचे दात मिळाले.
खायचे नाहीत.

वरची टाळूला धरून राहायची.
खालचीचं काही खरं नव्हतं.
एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ सुटतो,
लादी जागची हलते, काठाला घासते,
तशी ती लाळेवर तरंगायची,
आणि जीभ बिचारी चव सोडून
तिलाच आवरत बसायची.
रास्पबेरीची एक बी खाली शिरली
की डोळ्यांत पाणी.
हाड झिजत होतं ते वेगळंच,
साबणाच्या वडीसारखं, न बोलता.

ओविलानं काळ्या मुठीचा चाकू घेतला तो तेव्हा.
सफरचंदाची साल काढायची, काप इतके पातळ
की पलीकडची बशी दिसावी.
मांस बारीक. गाजर मऊ. पावाची कड स्वतःला.
अठ्ठावन्न वर्षं.
तो त्याबद्दल कधी बोलला नाही.
मीही नाही.

मागच्या हिवाळ्यात रिमूस्कीला गेले.
नोएमी नावाची दंतवैद्य, माझ्या नातीच्या वयाची.
तिनं आधी च्युइंग गम दिला,
अर्धा निळा, अर्धा गुलाबी.
"वीस वेळा चावा आणि दाखवा."
मी मन लावून चावला.
बाहेर काढला तर निळा निळाच, गुलाबी गुलाबीच,
भांडण झालेल्या दोन शेजाऱ्यांसारखे.

मग खालच्या हाडात दोन खिळे.
मग तीन महिने थांबायचं,
हाडाला धातू आपला वाटेपर्यंत.
(सासूबाईंना मी आपली वाटायला
अकरा वर्षं लागली होती.)
मग कवळीच्या पोटात दोन खोबण्या,
आणि टक्.
टक्.
जिभेनं ढकलून पाहिली. बोटानं हलवून पाहिली.
जागची हलेना.

पण जबड्याचा विश्वास बसेना.
पेज गिळायची सवय लागलेला जबडा तो,
सशासारखा पुढच्या पुढेच कुरतडायचा.
दोनदा गाल चावला, एकदा जीभ.
आणि खरं सांगते, हे दात म्हणजे दात नव्हेत.
कडक काय, मऊ काय, हे कळतं ते लांबून,
भिंतीपलीकडे कुणी खिळा ठोकावा तसं,
हाडातून.
पण कळतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा तोच गम, पुन्हा वीस वेळा.
जांभळा झाला.
कुठेकुठे निळे ठिपके राहिले होते,
नोएमीनं भिंगातून पाहून वहीत काहीतरी लिहिलं.
मला तेवढा जांभळा पुरे होता.
कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला,
अजून आहे.

सप्टेंबरात शेजारच्या झाडाची सफरचंदं आली.
ओविला चाकू घेऊन बसला, नेहमीसारखा,
रेडिओवर हवामान.
मी टोपलीतलं एक उचललं.
समोरच्या दातांनी तोडू नका असं नोएमीनं बजावलं होतं,
म्हणून बाजूला घेतलं, दाढेकडे,
आणि दाबलं.

ओविला दचकला.
रेडिओ बारीक केला.
"कसला आवाज?"
माझा, म्हणायचं होतं,
पण रस हनुवटीवरून मनगटापर्यंत आला होता.
अठ्ठावन्न वर्षं शेजारी जेवलेल्या माणसानं
मला पहिल्यांदाच खाताना ऐकलं.

मग त्यानं खाली मान घालून
सवयीनं एक काप काढला, तसाच पातळ,
आणि कुणाच्या बशीत ठेवावा ते न सुचून
हातातच धरून बसला.

मी बशी पुढे सरकवली नाही.
बोललेही नाही काही.
तोंड भरलेलं होतं.