अलेग्रा

पहाटे पावणेपाचची पिवळी बस.
किआवेन्ना स्टेशनाबाहेर आम्ही सातजण,
एकमेकांना नावाने नाही,
खोकल्यावरून ओळखणारे.

दार उघडतं. ड्रायव्हर म्हणतो, "अलेग्रा."

पहिले तीन महिने मला वाटायचं, तो विचारतोय.
आमच्या भाषेत अलेग्रा म्हणजे खुशीत असलेली बाई.
मी रोज प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे.
नाही हो, पाठ धरलीय.
नाही, मुलीला ताप आहे.
एकदा तर नुसतंच, अजून नाही.
तो मान हलवून तिकीट फाडायचा.
मग लॉंड्रीतल्या लादिनाने हसून हसून डोळे पुसत सांगितलं,
अगं, तो इथला रामराम आहे.

मालोयाच्या घाटात वळणं तेरा की चौदा,
ते मला डुलकी कुठे लागते त्यावर ठरतं.
जायला दीड तास, यायला दीड,
बर्फ असेल तर देवाला ठाऊक.
कोझिमो हिशोब मांडतो विजेच्या बिलाच्या पाठीवर,
वर्षातला एक अख्खा महिना तू बसमध्ये राहतेस, नुन्त्सिया.
भाडं न भरता, मी म्हणते.
तो हसत नाही.

वर खोली रिकामी आहे. लॉंड्रीच्याच माथ्यावर,
दोन खिडक्या, एकीतून सरोवर.
किल्लीबरोबर नियमांचा कागद:
स्वतःचे कपडे फक्त गुरुवारी धुवावेत,
रविवारी काचेच्या बाटल्या टाकू नयेत,
रात्री दहानंतर पाणी जपून सोडावं.
म्हाताऱ्यांच्या दोनशे चादरी मी रोज धुणार
आणि माझा एक एप्रन
गुरुवारची वाट बघत लोंबणार.

डिसेंबरात घाट बंद पडला
तेव्हा त्या खोलीत दोन रात्री काढल्या.
दुसऱ्या सकाळी दाराखाली चिठ्ठी, मोत्यांसारखं अक्षर:
आपल्या टाचांचा आवाज खाली येतो. कळावे.
आणि सोबत एक चॉकलेट.
भांडण होतं की पाहुणचार?
चॉकलेट खाल्लं. अंगी लागलं नाही.

मी तर टाचेचीच.
नकाशात इटलीचा बूट बघा,
टाचेच्या पार टोकाशी माझं गाव.
तिथे समोरची उच्चिया भर रस्त्यातून
माझा उद्धार करायची, बापासकट,
आणि संध्याकाळी वाटीभर उकडलेले चणे पाठवायची.
तिच्या रागाला तोंड होतं. ते दिसायचं.
किआवेन्नातही आम्ही उपरेच, दोन वर्षं झाली,
पाववाला अजून माझ्या बोलण्याला हसतो,
पण कुठल्या शब्दाला हसला
ते तरी कळतं.

इलारिया सात वर्षांची.
मी निघते तेव्हा झोपलेली, परतते तेव्हा पेंगुळलेली.
तिच्या चेहऱ्यापेक्षा
पांघरुणाबाहेर आलेले पाय मला जास्त पाठ आहेत,
डाव्या अंगठ्यावरचा तीळसुद्धा.
वर राहायला गेलो तर दुपारी जेवायला घरी येईल.
माझ्याच टेबलाशी बसेल
आणि मला न कळणाऱ्या भाषेत पाढे म्हणेल.
सात साते किती, हे तरी मी ओळखेन ना?
सुरावरून?

काल न राहवून ड्रायव्हरला विचारलं,
तुम्ही राहता कुठे?
आरशातून बघत म्हणाला,
वर घर, खाली सासुरवाडी,
दोन्हीकडे मला जेवायला उशीर होतो.
तीन वर्षांतलं त्याचं हे सगळ्यांत लांब वाक्य असावं.
पुढच्या वळणावर कोणीतरी खोकलं.
हा नवा खोकला होता, आठवा माणूस.

कोझिमोला सांगितलं नाही अजून.
या गुरुवारी घरून एक टॉवेल पिशवीतून वर नेला,
धुतला,
त्या खोलीतल्या दोरीवर वाळत घातला,
आणि टाचा उचलून, चवड्यांवर,
खाली उतरले.

बसचं दार उघडलं.
अलेग्रा, तो म्हणाला.
बघू, म्हटलं.