फुटक्या काचांची वही

सेंट जॉन्सच्या विद्यापीठात, रसायनशाळेच्या तळघरात
मी सव्वीस वर्षं काच फुंकली.
डोक्यावर, बरोबर माझ्या छतावर,
अँब्रोज टिझार्ड शिकवायचे.
पावलांवरून ओळखू यायचे: डावं जड, उजवं घासत.
बापाच्या होडीत, नऊ वर्षांचे असताना,
दोराच्या वेढ्यात सापडलेला तो पाय.

पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहीत नसत.
खिशातून मिठाचा खडा काढायचे,
मासे खारवायच्या जाड्या, करड्या मिठाचा,
आणि पुढच्या बाकावर ठेवून म्हणायचे,
‘चाखा. या खोलीत चाखायची
ही पहिली आणि शेवटची गोष्ट.’

डीन झाले तेव्हा आम्ही म्हटलं, गेला माणूस हातचा.
टाय आला. टायला ॲसिडची भोकं पडायला
आठवडाही लागला नाही.
बैठकीत कंटाळले की अंदाजपत्रकाच्या समासात
षटकोन काढत बसायचे;
एकदा तो कागद तसाच कुलगुरूंकडे गेला.

मग कॉड संपला. बंदी आली.
एका उन्हाळ्यात सगळ्या किनाऱ्याचे धक्के गप्प,
सरकार म्हणालं, आता दुसरं काही शिका.
नववीत शाळा सोडलेले, चाळिशी उलटलेले बाप्ये
हातात टोप्या घेऊन नोंदणीच्या खिडकीशी उभे.
नियम ‘नाही’ म्हणाला.
टिझार्डनी नियम नीट वाचला, चार घड्या घातल्या,
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

पण त्यांचे ते हात!
गळांनी, सुऱ्यांनी, खाऱ्या थंडीनं शिवलेले,
बोटं मिटता मिटायची नाहीत.
ब्युरेटची तोटी चिमटीत काडीसारखी मोडायची.
लेव्हाय पार्डीनं, वय सत्तेचाळीस,
एका दुपारी तीन फोडल्या
आणि गॅसच्या टाक्यांमागे जाऊन रडला.

फोडेल त्याचं नाव वहीत, पैसे फीमध्ये, असा शिरस्ता.
वही माझ्याकडे.
संध्याकाळी डीन खाली यायचे.
‘आज तीन फुटल्या. माझ्याच हातून.’
‘तिन्ही?’
‘हात थरथरतो रे हल्ली.’
तो हात मी पाहिला होता,
रंग गुलाबी व्हायच्या अर्धा थेंब अलीकडे
तोटी बंद करणारा.
लिहिलं मी. अँब्रोज टिझार्ड. खाली पुन्हा अँब्रोज टिझार्ड.
पानंच्या पानं.

आणि माझं तळघर बंद करायच्या कागदावर सही,
तीही त्यांचीच.
काच आता ओंटारियोहून खोक्यात येणार, स्वस्त पडते.
मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात.
मी बोलतो. त्या रात्री मी त्यांना शिव्या घातल्या,
बायकोनं मोजल्या.

ते स्वतः उतरून आले होते, चौदा पायऱ्या, त्या पायानं.
कारणं त्यांच्याकडे होती; काढली नाहीत.
म्हणाले, ‘बर्नर चालू आहे?’
मी नळी तापवली. नारिंगी, मग पांढरी,
मग ओघळायच्या बेतात.
त्यांनी फुंकलं. फुगा एका अंगाला कलला,
बूड जाड, कसल्याच कामाचा नाही.
निवेपर्यंत दोघं बसून राहिलो.
काचेला घाई केली तर ती तडकते,
एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं.

तो फुगा स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
त्यात बटणं ठेवतो.

शोकसभेत त्यांची पदकं वाचून दाखवली, चार की पाच.
लेव्हाय शेजारी बसला होता; बंदराचं पाणी
आता तोच तपासतो. कानाशी येऊन म्हणाला,
‘ती वही असेल का रे कुठे?’
मी म्हटलं, हरवली.

ट्रंकेत आहे.
शेवटच्या पानावरची शेवटची नोंद माझ्या हातची नाही.
तिरक्या, घाईच्या अक्षरात:
वस्तू: काचशाळा. नग: एक.
फोडणारा: अँब्रोज टिझार्ड.
रकमेचा रकाना कोरा सोडलाय.
मीही तो भरलेला नाही.