उधारीचं नाक

लाईट गेली तेव्हा इस्त्री माझ्या हातात होती.
उभी करून ठेवली.
बांगडा लागलाय असं ओरडत कुणी गेलं
म्हणून पिशवी घेऊन खाली बंदरावर उतरले.
लाईट आली तेव्हा मी घरात नव्हते.
एवढंच.
पंचनाम्यातही एवढंच आहे,
फक्त तिथे 'निष्काळजीपणा' हा एक शब्द जास्त.

जळली ती एकच खोली.
वास मात्र चारही खोल्यांत राहायला आला,
भाडं न ठरवता.

पुढच्या खोलीत लग्नाचे अकरा ब्लाउज टांगलेले.
एकालाही ठिणगी शिवली नाही.
मोंडकरांच्या सुनेने एकेक उलगडला,
"फिटिंग छान आलंय गं," म्हणाली,
पदर नाकावर धरून.
पैसे दिले. कापड तिथेच ठेवून गेली.

तारामुंबरीत प्रत्येकाकडे एक उपाय असतो.
कांदे कापून ठेव. ताक शिंपड.
आगळाने फरशी पूस.
पुसली. फरशी लाल झाली, वास तसाच.
सावळाराम पेंटर तेवढा शहाणा.
आधी धुवा वहिनी, मग रंग,
नाहीतर तो रंगाच्या आत बसून वाट बघतो.
मग सोडा, साबण, कोमट पाणी,
भिंत खालून वर धुवायची, वरून खाली नाही,
नाहीतर काजळीचे ओघळ जन्माचे.
स्विचबोर्ड उघडला तर मागच्या पोकळीत
तो बसलेला. गार. निवांत.

सावरीची गादी गेली, पडदे गेले,
ट्रंकेतली माझी शालूची घडी चार दिवस माडाखाली वाळत,
दहावीचं मार्कशीट चिमट्याने दोरीवर.
डब्यातल्या तांदळाचा भात केला.
मुलगा पहिल्या घासाला थांबला,
काही न बोलता पूर्ण ताट जेवला.
उरलेला तांदूळ मी कोंबड्यांना टाकला.
त्यांनीही जरा विचार केला.

कोपऱ्याकोपऱ्यात परातीतून करवंटीचा कोळसा ठेवला,
जळलेलंच म्हणे जळल्याचा वास ओढतं.
भिंतीला शिंपल्यांचा चुना, तोही भट्टीतून आलेला.
हे मला विचित्र वाटलं.
मग दमल्यामुळे वाटेनासं झालं.

पंधराव्या दिवशी वास गेला.
म्हणजे मला यायचा बंद झाला.
गॅसवाला दारात शिंकला तेव्हा कळलं,
नाक आपलं नसतंच, ज्या घरात राहतं त्या घराचं असतं.

म्हणून भाटकरांची नफिसा मागून आणली.
वय सहा, पुढचे दोन दात पडलेले.
रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभी राहायची,
डोळे मिटून, साहेब तपासणीला आल्यासारखी.
"येता."
"येता, पन कमी."
खाडीवरून वारा फिरला, भिंती चिकट झाल्या:
"कालच्यापरास जास्त."
मी एक चिकी द्यायचे.
लाच नव्हे. खरं बोलायची मजुरी.

बाविसाव्या दिवशी तिने नाक वर केलं,
बराच वेळ ठेवलं,
माझ्या हातात फडकं तसंच थिजलेलं.
"येना नाय."

मी खाली बसले.
तिला दोन चिक्या दिल्या.
ती मशीनच्या पायट्यावर बसून खात राहिली.
लाकूड जळून गेलंय त्याचं, चाक अजून फिरतं.

दिवेलागणीला कुंपणापलीकडून तिची आई:
"काय गे, आमच्या चेडवाच्या केसांका
धुराचो वास खंयचो?"

ऐकू आलं नाही असं केलं मी.
शनिवारी पुण्याची नणंद येईल,
तिचं नाक नवं आहे, आणि तोंडही.
बघू.

लाईट जाते अजून, रोज, कधीही.
गेली की उठते, अंधारात चाचपत बोर्डापाशी जाते,
बटण बंद करते, पुन्हा हात लावून बघते.
इस्त्री मी अजून घेतलेली नाही.