गाऱ्हाण्यातला पत्ता

शिमग्यात पालखी आमच्या दारी येते
रात्री अकराच्या सुमाराला. इथले साडेनऊ.
सोहार बंदराच्या कॅम्पात तेव्हा मी
खोली नंबर चौदा झाडून घेतो,
बादलीभर पाणी टाकून फरशी पुसतो.
वरच्या बंकवरचा निजामुद्दीन विचारतो, कोण येणार आहे?
मी म्हणतो, ऑडिट.

घर तिकडे बंदच.
किल्ली पाष्ट्यांच्या सुमनकाकीकडे.
ती कुलूप काढते, जळमटं काढते,
अंगण सारवते, पाट मांडते,
नारळ, पायलीभर तांदूळ, खणाची घडी
आणि मी पाठवलेले पाचशे एक.
मग मोबाइल तुळशीला टेकवून उभा करते.
तो घसरतो.
देवीच्या आधी मला दिसतात
खेळ्यांचे पाय,
घोट्यापर्यंत लाल.

गाऱ्हाणं धाकू तात्या घालायचे,
डोळे मिटून, एका दमात:
"हे आय वाघजाय,
ह्यो तुजा ल्योक पोटासाठी समिंदराच्या पल्याड
दुबयला गेलाय,
त्येच्या वाटंत काय वाकडं असंल तां सरळ कर,
त्येला सुखरूप तुज्या पायाशी आन..."
आणि सगळं अंगण:
"व्हय म्हाराजा!"

अकरा वर्षं. दुबयला.
दुबई मी पाहिली ती विमानतळाच्या काचेतून,
चार तास, तेही झोपेत.
पण आमच्या गावाला समुद्रापलीकडचं
एकच गाव माहीत.
भुवडांचा बाळा कुवेतला, तो दुबयला.
गोरिवल्यांचा अंकुश मस्कतहून पेटीत आला,
तोही दुबयहूनच आला.

पहिली काही वर्षं वाईट वाटायचं.
देवी पालखीतून उतरून
रुपं सांभाळत, नेसूचं आवरत
कुठल्या तरी काचेच्या इमारतीखाली उभी असेल,
विचारत असेल, गोताडांचा केशव हितंच ऱ्हातो काय?
आणि पहारेकरी तिच्याकडे
गेटपास मागत असेल.

पुढे सवय झाली.
खरं सांगायचं तर, सोय झाली.
ती दुबईत शोधत होती तेव्हा मी
तिच्यापासून दोनशे किलोमीटरवर
क्रेनखाली कंटेनर मोजत होतो, दीडपट पगारावर.
भावाला सांगितलं होतं, साहेब सोडत नाही.
साहेब तर स्वतःहून म्हणाला होता,
तुमचा सण आहे ना, जाऊन ये.
पाच वर्षं म्हणाला. मग म्हणायचा थांबला.

तात्या गेल्या श्रावणात वारले.
आता गाऱ्हाण्याला त्यांचा पुतण्या सुजित,
पॉलिटेक्निक झालेला.
होम लागायच्या आदल्या दिवशी त्याचा मेसेज:
दादा, नेमका पत्ता पाठवा.
देवीपुढं चूक नको.

मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.
खोटा पाठवावा असंही मनात आलं,
लपवत कशाला.
मग पाठवला.

खालूबाजा थांबला.
मोबाइलच्या उजेडात, चष्मा वर सारत
पोरगं वाचायला लागलं:
"आई वाघजाय, हा तुझा केशव रघुनाथ गोताड,
देश ओमान, सोहार बंदर,
कॅम्प तीन, खोली चौदा, खालचा बंक..."
पोरं फिसकन हसली.
कुणा म्हाताऱ्याने दटावलं.
मग उशिरा, थोडं विस्कटलेलं,
पण आलंच:
"व्हय म्हाराजा."

पालखी खांद्यावर उसळली, पाष्ट्यांकडे वळली.
काकीने कडी घातल्याचा आवाज आला,
फोन बंद करायला ती विसरली होती,
पडद्यावर अर्धी तुळस आणि आभाळ.

इथे मी खोली पहिल्यांदाच बघावी तशी बघितली.
गादीखाली ओव्हरटाइमच्या पावत्या.
खिळ्याला लोंबणारं कॅलेंडर, फाल्गुनावर
एकही खूण नसलेलं.
कोपऱ्यात केरसुणी, पाणी अजून ओघळतंय.

तरावी आटोपून निजामुद्दीन आला,
ओल्या फरशीपाशी, दारातच थबकला.
"होऊन गेलं का ऑडिट?"
"नाही," मी म्हणालो. "पण पत्ता लागलाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खोलीकडे,
आणि चपला बाहेर काढल्या.