फाइलचं नाव

सोहार. रात्रीचे साडेअकरा.
काळ्या खिडकीत एक ओळ, एंटर,
आणि माझ्या साध्या मजकुरावर
कंपनीचा निळा रंग चढतो.
कोपऱ्यात थेंबाचा लोगो.
तीन आडव्या रेघा दिल्या की नवी स्लाइड.

खारं पाणी गोडं करतो आम्ही.
तेच बलुशीसाहेबांना सकाळी आठला दाखवायचंय.

आज फाइलचं नाव चुकलं.
पडद्यावर आलं, ठळक, मधोमध:
सुनीतीला सांगायचं
• करार वाढवला
• मार्चमध्ये येत नाही
• तुला आधी विचारायला हवं होतं

तळाशी, नेहमीसारखं:
'प्रत्येक थेंब आमची जबाबदारी'.

एसी बंद होऊन परत सुरू झाला.
मग शेवटची ओळ उचलून
सगळ्यात वर नेली,
तिच्याआधी एक हॅश दिला.
एंटर.